आरोपी आधी, पुरावा नंतर : बिघाडाचे कारण शोधताना या चुका टाळा

पंजाबातील मुल्कोवाल या गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी १०७ जणांना प्लेगप्रतिबंधक लस टोचण्यात आली. लस मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली होती. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व दगावले. या सर्वांना एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. चौकशी आयोगाने बाटली मुंबईतच दूषित झाली असा निष्कर्ष काढला आणि लसीचे जनक वॉल्डेमार हाफकिन यांना आपले पद गमवावे लागले. दोष त्यांचा नव्हता हे मान्य व्हायला १९०७ साल उजाडावे लागले.

हा प्रसंग येथे घेण्याचे कारण असे की, चौकशी करणारे लोक अडाणी नव्हते, आणि त्यांच्या हातून झालेल्या चुका आपण घरात, शेतात, कार्यालयात दर आठवड्याला करत असतो.

पहिली चूक : नुकताच झालेला बदल हेच कारण मानणे

लस निर्जंतुक ठेवण्यासाठी तोवर कार्बोलिक आम्ल वापरले जाई. हाफकिन यांनी ते वगळून केवळ उष्णतेवर भर दिला होता. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ही पद्धत रुळलेली होती, पण ब्रिटिश तज्ज्ञांना ती अपरिचित होती. दुर्घटना घडताच सर्वांची नजर या बदलावर गेली. यालाच आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसला आणि फांदी तुटली, म्हणून कावळ्याच्या वजनाने तुटली असे ठरवायचे. नवे खत टाकले आणि पीक पिवळे पडले, नवा वायरमन येऊन गेला आणि पंप जळला, की आपण दुसरे काही पाहायला तयार नसतो.

यावर एक साधी तपासणी आहे. तोच बदल जेथे झाला, पण बिघाड झाला नाही, अशी उदाहरणे शोधावीत. मुल्कोवालमध्येच त्या दिवशी उरलेल्या ८८ जणांना इतर बाटल्यांतून लस दिली गेली होती आणि त्यांना धनुर्वात झाला नाही. त्यामुळे ‘पद्धत चुकली का?’ याआधी ‘या एकाच बाटलीचे वेगळे काय झाले?’ हा प्रश्न यायला हवा होता.

दुसरी चूक : गैरसोयीचा पुरावा किरकोळ ठरवणे

त्या बाटलीचे वेगळे काय झाले, याचे उत्तर चौकशीच्या कागदपत्रांतच होते. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर नीट तापवून घेण्याऐवजी कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून घेतला आणि त्यानेच बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. शिवाय हे जंतू मुंबईपासून बाटलीत वाढत आले असते, तर बाटली उघडताच दुर्गंधी यायला हवी होती. उघडणाऱ्या डॉक्टरांना ती आली नव्हती.

एवढे समोर असूनही निष्कर्ष उलटा निघाला. प्रयोगशाळेविरुद्धचा तर्क पुरावा म्हणून स्वीकारला गेला आणि चिमट्याची प्रत्यक्ष नोंद मात्र तपशील म्हणून बाजूला पडली. आपल्या समजुतीला पूरक गोष्ट आली की आपण ‘बघा, मी म्हटलेच होते’ म्हणतो आणि विरोधी गोष्ट आली की तिच्याकडे दहा दाखले मागतो. म्हणून संशय मनात येताच तो कागदावर लिहावा आणि खाली स्वतःच नोंदवावे की, काय आढळले तर मी हा संशय सोडून देईन. ही ओळ लिहिता येत नसेल, तर चौकशी सुरू होण्याआधीच संपलेली आहे असे समजावे.

तिसरी चूक : परका तो संशयित

हाफकिन हे ओडेसात जन्मलेले ज्यू होते, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ होते आणि भारतातील ब्रिटिश वैद्यकीय सेवेचे सदस्य नव्हते. या गोष्टींचा निकालात नेमका वाटा किती, हे मोजता येणार नाही; परंतु आपला माणूस असता तर त्याच्यावर बोट ठेवायला हात इतक्या सहज उठला असता का, हा प्रश्न उरतोच. आमच्या घरी एकदा कुडे सापडेनासे झाले, तेव्हा पहिली कुजबुज घरकामाला येणाऱ्या बाईंबद्दल झाली, आणि त्या कुजबुजीत मीही सामील होतो. कुडे चार दिवसांनी गोधडीच्या घडीत सापडले. त्या चार दिवसांत बाईंचे गप्प राहणेसुद्धा आम्हाला संशयास्पद वाटले होते, हे मला आजही लाजिरवाणे वाटते.

चौथी चूक : फक्त बिघडलेलीच उदाहरणे पाहणे

ही चूक सर्वांत फसवी आहे, कारण ती करताना आपण आकडेवारी तपासतो आहोत असा भास होतो. अमेरिकेचे चॅलेंजर अंतराळयान २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री थंडीमुळे अग्निबाणाच्या सांध्यांतील रबरी कडी नीट काम करणार नाहीत, असा इशारा काही अभियंत्यांनी दिला होता. चर्चेत मात्र कड्यांना इजा झालेल्या उड्डाणांवरच लक्ष राहिले. त्यांत काही थंड दिवसांची होती आणि काही उबदार दिवसांची, त्यामुळे तापमानाचा संबंध सिद्ध होत नाही असे वाटले. इजा न झालेली उड्डाणेही शेजारी मांडली असती, तर चित्र बदलले असते : सुमारे १९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ तिघांत इजा होती, तर १७ अंशांच्या आसपास किंवा त्याखालील चारही उड्डाणांत ती होती. चॅलेंजर निघाले त्या सकाळी तापमान २ अंशांच्या जवळपास होते.

थोडक्यात तपासणी अशी : तक्रार आलेल्या दिवसांची यादी करताना तक्रार न आलेल्या दिवसांची यादीही शेजारी लिहावी. पंप जळाला त्या दिवशी वीजदाब कमी होता हे पुरेसे नाही. दाब कमी असूनही पंप चालला, असे किती दिवस होते, तेही मोजावे.

चूक उमगल्यावर

जुलै १९०७ मध्ये मलेरिया डासांमार्फत पसरतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्यानंतर त्यांच्यावरील ठपका दूर झाला. ते भारतात परतले, मात्र मुंबईतील त्यांच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर कलकत्त्यात. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ साली मिळाले, तेव्हा त्यांना भारत सोडून सुमारे दहा वर्षे झाली होती. आमच्या घरात तर कुडे सापडल्यावर बाईंची क्षमा मागायची की विषय काढायचाच नाही, यावर दोन दिवस खल झाला. शेवटी आईने त्यांना समोर बसवून सगळे सांगितले. त्यांना ते पहिल्या दिवसापासूनच ठाऊक होते.