घरी कपडे शिवायचे तर आधी गळा शिका

गोव्यात टेलरकडे जाण्याचे दोन काळ वाईट. एक चतुर्थीच्या आधीचा, दुसरा नाताळच्या. जुलै संपत आला की पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही टेलरच्या दारात एकच उत्तर मिळतं, "आता चतुर्थीनंतर बघूया." मुलीच्या साध्या सुती फ्रॉकसाठी एवढी मनधरणी करण्यापेक्षा तो घरी शिवलेला बरा. स्वतःचा कुर्ताही. ब्लाउज आणि पॅन्ट टेलरकडेच राहू द्या, निदान पहिलं वर्षभर.

मशीन चालवता येते, बॉबिन भरता येते आणि सरळ शिवण सरळ जाते, एवढं मी धरून चालते. ते येत नसेल तर आधी चार उशांचे अभ्रे शिवा आणि मग पुढचं वाचा.

कापड

पहिल्या कपड्यासाठी नवं कापड आणू नका. आईची नाहीतर सासूबाईंची मऊ झालेली सुती साडी घरात असतेच. साडेपाच मीटर कापड, जेवढं आटायचं तेवढं आटलेलं, रंग जायचा तेवढा गेलेला. उजेडात धरून विरलेला भाग बघा, तेवढा सोडून कापा. मुलांच्या अंगाला याहून चांगलं कापड दुकानात मिळत नाही.

नवंच घ्यायचं तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जा किंवा मडगावच्या न्यू मार्केटमध्ये, पण भावाच्या आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ४४ इंच पन्हा असेल तर गुडघ्यापर्यंत उंचीच्या, बाह्या असलेल्या कुर्त्याला अडीच मीटर आणि चार वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकला सव्वा मीटर पुरतं. ३६ इंची पन्ह्याला कुर्त्यासाठी अर्धा मीटर जास्त घ्या. सुळसुळीत, चकचकीत कापड कितीही गोड दिसलं तरी पहिल्या वर्षी नको. ते मशीनखाली सरकतं, आणि आपल्या दमट हवेत मूल त्यात घामाने निथळतं.

नवं सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. पहिल्या धुण्यात ते शेकडा तीन ते पाच आटू शकतं, म्हणजे चाळीस इंच उंचीचा कुर्ता सव्वा ते दोन इंचांनी वर चढतो. चतुर्थीचे कपडे शिवायचे असतील तर कापड मे महिन्यातच आणून धुऊन ठेवा. एकदा पाऊस लागला की दोन-दोन दिवस कापड वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेलं घडी घालून कपाटात ठेवलं तर त्यावर काळे ठिपके पडतात. ते बुरशीचे असतात आणि सहसा जात नाहीत.

माप आणि कापणी

छातीचा चौथा भाग, त्यात अमुक मिळवा, त्यातून तमुक वजा करा, ही गणितं मोबाइलवर ढिगाने मिळतात. सगळी एकाच आकाराच्या बाईसाठी लिहिलेली असतात आणि ती बाई तुम्ही नसता. त्यापेक्षा अंगात नीट बसणारा एक जुना कुर्ता घ्या, मधोमध दुमडा, वर्तमानपत्रावर पसरून कडेने पेन्सिल फिरवा. मुंढा, म्हणजे बाही जोडायचं काखेभोवतीचं वळण, आणि खांद्याचा उतार त्यातून अचूक येतो. त्याभोवती माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, सोडा: खांद्याला आणि मुंढ्याला अर्धा इंच, बाजूंना एक इंच. मुलांच्या कपड्याला बाजूंना दीड इंच सोडा, पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो.

कागद कापडावर ठेवताना कापडाचा उभा धागा आणि कुर्त्याची मधली रेघ एकाच दिशेने हवी. कापड वाचवायला कागद तिरका सरकवला तर धुतल्यावर कुर्ता अंगाभोवती पिळवटतो आणि बाजूची शिवण पोटावर येते. त्यावर नंतर काही उपाय नाही.

गळ्याला मात्र जुन्या कपड्यावरची रेघ चालत नाही. का, ते आता बघू.

गळा

घरी शिवलेला कपडा घरी शिवलेला आहे हे लोकांना कुठून कळतं? गळ्यावरून. बाजूची शिवण जरा वाकडी गेली तर कुणाला दिसत नाही, पण गळा उभा राहिला, गळ्याच्या आत शिवलेली पट्टी बाहेर डोकावली किंवा कडेला चुण्या पडल्या तर नजर तिथेच जाते. मलाही सगळ्यात जास्त छळलं ते गळ्यानेच. आणि वाईट सल्लेही सगळ्यात जास्त याच जागेवर मिळतात.

पहिली गोष्ट, गळा लहान कापा. पाव इंचावर शिवण मारली की तेवढी कड आत जाते आणि गळा दोन्ही बाजूंनी वाढतो. रुंदीत अर्धा इंच, खोलीत पाव इंच. जुन्या कुर्त्याच्या गळ्यावरून जशीच्या तशी रेघ मारून कापणाऱ्यांचा गळा म्हणूनच नेहमी मोठा होतो, आणि मग कुर्ता खांद्यावरून घसरतो. रेघेच्या आत, म्हणजे मानेच्या बाजूला, पाव इंच कापा. लहान झालेला गळा वाढवता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. त्यांच्या डोक्याचा घेर मोजा, कपाळावरून मागे टेप फिरवून. पाच वर्षांच्या मुलाचं डोकं साधारण वीस इंच असतं, म्हणजे मोठ्या बाईच्या डोक्यापेक्षा जेमतेम दीड-दोन इंचांनी लहान, पण मान आणि खांदे किती बारीक! डोकं जाईल एवढा गळा केला तर तो खांद्यावर ठरत नाही, खांद्यावर ठरेल असा केला तर डोक्यात अडकतो. म्हणून मुलांच्या गळ्याला मागे चीर ठेवायचीच, तीन ते चार इंच. पालथं पडून रांगायला न लागलेल्या बाळांना मात्र पाठीवर बटण टोचतं. त्यांना पुढे बांधायचं, आखूड बंदांचं झबलंच बरं. मोठ्या मुलांच्या गळ्यालाही लांब दोऱ्या आणि गोंडे लावू नका, ते घसरगुंडीत आणि सायकलीत अडकतात.

तुमच्या स्वतःच्या पहिल्या कुर्त्यालाही मागे चीर ठेवा असं मी सांगेन. त्यात एक छुपा फायदा आहे: पट्टीची दोन्ही टोकं चिरेशी संपतात, त्यामुळे ती गोल जोडण्याची कटकट राहत नाही.

तिसरी गोष्ट, गळा कापला की लगेच, कपडा उचलण्याच्याही आधी, कडेपासून पाव इंचाच्या किंचित आतून, म्हणजे कडेच्याच बाजूने, एक साधी शिवण मारा. खांद्याकडून मध्याकडे, मग दुसऱ्या खांद्याकडून मध्याकडे. गळ्याचं वळण कापडाच्या धाग्याला तिरकं जातं आणि तिरकं कापड नुसतं हाताळलं तरी ताणतं. ही एक शिवण कुणी सांगत नाही, आणि ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

आता पट्टी. ती उरेब हवी, म्हणजे ४५ अंशांत तिरकी कापलेली. आडवी किंवा उभी कापलेली पट्टी वळणावर वळतच नाही, मग कितीही इस्त्री करा. कापडाचा आडवा धागा उभ्या धाग्यावर येईल असं कापड दुमडा, जी घडी पडते ती उरेबाची रेघ. चौकडीचं कापड असेल आणि चौकटी खरोखर चौरस असतील तर कोपऱ्यातून कोपऱ्यात मोजपट्टी लावून रेघ मारा, काम झालं. पट्टीची रुंदी एक इंच. दीड इंचाची पट्टी घ्या म्हणून सांगणारे पुष्कळ आहेत. रुंद पट्टी आत वळवली की तिची कड वळणावर लोळते आणि चुण्या पडतात. बाजारातली तयार पायपिनही नको. ती बहुतेकदा पॉलिस्टर मिसळलेली असते, कापड आटतं, ती आटत नाही, आणि दोन धुण्यांत गळा लाटा मारायला लागतो. त्याच कापडाची पट्टी काढा.

पट्टी शिवण्याआधी तिला वळण द्या. इस्त्रीच्या टेबलावर पट्टी ठेवा, एक कड इस्त्रीखाली हलके ओढत चंद्रकोरीसारखी वळवा. ताणलेली बाहेरची कड नंतर आत दुमडायची, न ताणलेली आतली कड गळ्याला शिवायची. यात दोन मिनिटं जातात आणि पुढची तासाभराची उसवाउसव वाचते.

दोन्ही खांदे जोडून घ्या. चीर आधी पूर्ण करा: पाठीच्या मधोमध, उलट बाजूला लांबट तुकडा ठेवून नव्हे, तर सुलट बाजूवर सुलट ठेवून, मधल्या रेघेच्या दोन्ही अंगांना अगदी जवळून शिवा, खाली टोकाशी एक आडवा टाका घ्या, मधून कापा, टोकापर्यंत नेमकं कापा, आणि तुकडा आत उलटा. टोकाशी कात्री एका धाग्याने कमी गेली तर तिथे चुणी राहते, एका धाग्याने जास्त गेली तर भोक पडतं. इथे छोटी, धारदार कात्रीच हवी.

आता पट्टी गळ्यावर, सुलटीवर सुलट. पट्टी गळ्यापेक्षा थोडी कमी लांब बसली पाहिजे: वीस इंचांच्या गळ्याला अर्धा ते पाऊण इंच कमी, वर टोकांशी दुमडायला अर्धा-अर्धा इंच वेगळा. ही कमी सगळीकडे सारखी वाटायची नाही. खांद्याजवळ गळा जवळजवळ सरळ जातो, तिथे पट्टी नुसती ठेवा. पुढच्या खोल वळणावर तेवढी हलकी ताणा. ताणलीच नाही तर गळा छातीपासून सुटून उभा राहतो, आणि वाकलं की आतलं सगळं दिसतं. फार ताणली तर कापड गोळा होतं. योग्य ताण किती, ते लिहून सांगता येत नाही. चिंधीवर एकदा गोल कापून शिवून बघा, हाताला कळतं.

शिवताना पट्टी वर आणि कपडा खाली ठेवा. मशीनचे दात खालचं कापड जास्त पुढे ओढतात, त्यामुळे लांब असलेला गळा खाली आपोआप सामावतो. उलटं ठेवलं तर मशीन तुमच्या विरुद्ध काम करेल. टाका अडीचवर, वेग अगदी कमी. वळणावर सुई कापडात रुतवून थांबा, मशीनचा पाय उचला, कापड फिरवा. टाचण्या आडव्या लावा, सुई त्यांच्याशी पोचायच्या आधी काढा. टाचण्यांवरून शिवत जाणारे मी पाहिलेत. त्यांच्या सुयाही मोडताना पाहिल्यात.

शिवण झाली की कड छाटून अर्धी करा आणि वळणावर दर अर्ध्या इंचाला काप द्या, शिवणीपासून एक धागा अलीकडे थांबून. खोल वळणावर पाव इंचाला द्या. हे काप दिले नाहीत तर गळा आत वळतच नाही, नुसता ओढला जातो.

नंतरची पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि पट्टी बाहेर डोकावते ती याच कारणाने. पट्टी आणि आतली कापलेली कड एका बाजूला ढकला, कपडा दुसऱ्या बाजूला सरकवा, आणि पट्टीवरून, जोडशिवणीच्या अगदी कडेने एक शिवण मारा. कपडा त्यात येता कामा नये. आता पट्टी आत वळवली की ती आपणहून आतच राहते. इस्त्री करताना जोडशिवण एखाद्या धाग्याने आत ढळेल अशी दाबा.

शेवटी पट्टीची मोकळी कड पाव इंच दुमडून आत टाचा. तुमच्या कुर्त्याला हातशिलाई करा, सुलट बाजूने काही दिसत नाही. मुलांच्या कपड्याला मशीननेच शिवा. हातशिलाई रोजच्या धुण्याला टिकत नाही आणि मूल कपडा डोक्यावरून कसा ओढतं ते तुम्हाला माहीत आहे. चिरेच्या एका टोकाला त्याच कापडाचा छोटा फासा, दुसऱ्याला बटण.

चौकोनी आणि व्ही गळ्याला ही पट्टी लागत नाही, त्यांना आकाराचाच तुकडा लागतो. गोल गळा हातात बसेपर्यंत त्यांच्या वाटेला जाऊ नका.

बाकीचं

बाही मुंढ्याला कपडा उघडा असतानाच, म्हणजे बाजू शिवायच्या आधी लावा. मग बाहीच्या तोंडापासून काखेतून खालपर्यंत एकच लांब शिवण. कडांना झिगझॅग मारा. साधी पायमशीन असेल तर कड दुमडून शिवा.

फ्रॉकचा घेर छत्रीसारखा गोल कापला असेल तर खालची दुमड घालण्याआधी तो रात्रभर हँगरला लटकवून ठेवा. तिरकं कापड आपल्या वजनाने खाली उतरतं, तेही सगळीकडे सारखं नाही. सकाळी खालची कड छाटून सरळ करा, मग दुमडा. सरळ चुण्यांच्या घेराला हे लागत नाही, आणि त्याला तीन इंचांची दुमड ठेवली तर फ्रॉक पुढच्या चतुर्थीलाही चालतो.

साध्या सुतीला १४ नंबरची सुई, मलमल किंवा व्हॉइलला ११. पावसाळ्यात काम झालं की सुई मशीनमधून काढून तेलाच्या चिंधीत ठेवा. आपल्या हवेत ती गंजते, आणि गंजलेली सुई पांढऱ्या कापडावर प्रत्येक टाक्याला एक तांबूस ठिपका सोडते. जुन्या रिळांचा दोराही आधी हाताने ओढून बघा, सहज तुटला तर त्याने बटणसुद्धा लावू नका.