गॅस भरायला धावू नका: आरव्हीच्या छतावरच्या एसीबाबत होणाऱ्या चुका

एसीची हवा कोमट लागली की आपल्या तोंडून पहिलं वाक्य निघतं, "गॅस गेला असेल." पुण्या-मुंबईत स्प्लिट एसीच्या बाबतीत हे चालून जातं. मेकॅनिक सिलिंडर घेऊन येतो आणि तासाभरात गॅस भरून जातो. अमेरिकेतल्या आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या प्रवासी गाडीच्या, छतावर जो चौकोनी डबा बसवलेला असतो, त्याला मात्र साधारणपणे गॅस भरायचा व्हॉल्व्हच नसतो. कंप्रेसर, दोन्ही कॉइल आणि मधल्या तांब्याच्या नळ्या कारखान्यातच डाग देऊन बंद केलेल्या असतात, घरातल्या फ्रिजसारख्या. स्प्लिटमध्ये गॅस गळतो तो बहुधा जोडावरच्या नटातून, आणि इथे तो नटच नाही.

म्हणून तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी सापडतं: वीज, हवेची वाट, नाहीतर कपॅसिटर (मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबा). शोधही याच क्रमाने घ्यावा, कारण पहिल्या दोन गोष्टींसाठी छतावर चढावं लागत नाही.

बिघाड आहे की नाही हेच न तपासणं

स्वयंपाकघरातला सुईचा थर्मामीटर घ्या. एसी जास्तीत जास्त थंडीवर आणि पंखा हाय वर ठेवून वीस मिनिटं चालू द्या. मग आत शोषल्या जाणाऱ्या हवेचं तापमान फिल्टरच्या जाळीपाशी मोजा आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं, युनिटच्या सर्वांत जवळच्या व्हेंटमध्ये सुई घालून. दोन्हींत १६ ते २२ अंश फॅरेनहाइटचा, म्हणजे साधारण ९ ते १२ सेल्सिअसचा फरक असेल, तर एसी ठीक आहे. फ्लोरिडासारख्या दमट हवेत हा फरक थोडा कमी येतो, कारण बरीचशी ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते.

अॅरिझोनात बाहेर ११० फॅरेनहाइट असताना आत ८८ असेल, तर तो एसीचा दोष नाही. १५,००० बीटीयूचं युनिट म्हणजे सव्वा टन, आणि आरव्हीच्या भिंती जेमतेम दोन इंचांच्या. दुपारी दोनला तापलेला डबा थंड करायला निघणं हीच चूक. सकाळी सातला एसी लावा, उन्हाच्या बाजूची गाडीलाच जोडलेली कापडी छत्री (ऑनिंग) उघडा, छतावरच्या १४ इंची व्हेंटमध्ये फोमची उशी बसवा. कुकरच्या चार शिट्ट्या आतच काढायच्या असतील तर तेवढ्यापुरता चुलीवरचा एक्झॉस्ट लावा, पण नंतर आठवणीने बंद करा. तो चालू राहिला की थंड हवा बाहेर फेकतो आणि फटीफटीतून गरम हवा आत ओढतो.

व्होल्टेज न बघता एसी लावणं

बरेच कंप्रेसर यानेच मरतात. ही युनिटं ११५ व्होल्टची, दहा टक्के इकडे-तिकडे सोसणारी, म्हणजे १०३.५ च्या खाली ती चालवायचीच नाहीत. जुलैच्या शनिवारी दुपारी कॅम्पग्राउंडमधले सगळे एकदम एसी लावतात आणि गाडीला वीज देणाऱ्या खांबावरचं व्होल्टेज १०५ च्या आसपास घसरतं. व्होल्टेज पडलं की कंप्रेसर जास्त करंट ओढतो, तापतो आणि त्याच्या डोक्यावरचा ओव्हरलोड स्विच वीज तोडतो. पंखा फिरत राहतो, हवा कोमट येते, आणि आपण म्हणतो गॅस गेला. तो स्विच थंड होऊन पुन्हा जोडायला कडक उन्हात तासभरही लागू शकतो.

आतल्या सॉकेटला लावायचा व्होल्टमीटर स्वस्तात मिळतो. तो कायम लावून ठेवा आणि आकडा कंप्रेसर चालू असताना वाचा. एसी बंद असताना ११९ आणि चालू होताच १०६, असं होत असेल तर आधी स्वतःच्या प्लगकडे बघा. ३० अँपच्या प्लगची पाती काळवंडली असतील, प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालं असेल, तर प्लगच बदलायला झालाय. पाती घासून काम भागत नाही. व्होल्टेजवर नजर ठेवणारी ईएमएस पेटी घेतलीत तर ती १०४ व्होल्टच्या खाली गाडीची वीज आपणच तोडते. साधा सर्ज प्रोटेक्टर हे काम करत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून विकत घेताना पेटीवर नीट वाचा.

३० अँपच्या गाडीत एकूण ३,६०० वॉट मिळतात. एसी १३ ते १६ अँप, मायक्रोवेव्ह १२-१३, पाणी तापवायचा विजेचा एलिमेंट १२. तिन्ही एकदम लावलेत तर ब्रेकर पडणारच, आणि त्यात ब्रेकरचा काही दोष नाही.

घराच्या गॅरेजमधून जोडताना

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया, कुठेही असा: निघायच्या आदल्या दिवशी गाडी ड्राइव्हवेत लावून गॅरेजच्या सॉकेटला जोडली जाते. सॉकेट १५ अँपचं आणि मधली केशरी वायर १६ गेजची (गेजचा आकडा जेवढा मोठा, तेवढी वायर बारीक), बागेतल्या गवत कापायच्या मशीनसाठी घेतलेली. ५० फूट लांबीच्या अशा वायरीत १४ अँपला साडेपाच व्होल्ट नुसते उष्णतेत जातात. गुंडाळी न सोडता वापरली तर प्लास्टिक मऊ होतं. १२ गेजच्या वायरीत हीच गळती सव्वादोन व्होल्टची असते. ५० फुटांपर्यंत १२ गेज, त्यापुढे १० गेज. १५ अँपच्या सॉकेटवर एसी चालवायचाच असेल तर त्या सर्किटवर दुसरं काहीही नको, आणि गॅरेजमधला डीप फ्रीझर बऱ्याचदा त्याच सर्किटवर निघतो.

घरी ३० अँपचं खास सॉकेट बसवून घेणार असाल, तर इलेक्ट्रिशियनला तोंडी नव्हे, लिहून द्या: टीटी-३०, १२० व्होल्ट, एक फेज, एक न्यूट्रल, एक अर्थ. ड्रायरचं ३० अँपचं सॉकेट २४० व्होल्टचं असतं. सवयीने तसंच जोडलं गेलं, तर प्लग खुपसताक्षणी एसी, मायक्रोवेव्ह, बॅटरी भरणारा कन्व्हर्टर सगळं एका फटक्यात जातं. गाडी जोडण्याआधी मल्टिमीटरने स्वतः १२० वाचा.

जनरेटरवाल्यांनी एक हिशोब लक्षात ठेवावा. २,२०० वॉटचा म्हणून विकला जाणारा छोटा जनरेटर सलग १,८०० वॉट देतो आणि समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साडेतीन टक्के ताकद गमावतो. कोलोरॅडोत ८,००० फुटांवर हातात उरतात १,३०० वॉट, आणि तेवढे एसीला पुरत नाहीत. सॉफ्ट स्टार्टर बसवला तर सुरू होतानाचा झटका कमी होतो, चालतानाची गरज तेवढीच राहते.

१२ व्होल्ट विसरणं

एसी १२० व्होल्टवर चालतो, पण भिंतीवरचा थर्मोस्टॅट आणि कंट्रोल बोर्ड गाडीच्या १२ व्होल्टवर. बॅटरीचा डिस्कनेक्ट स्विच बंद, छोटा पात्याचा फ्यूज उडालेला, किंवा कन्व्हर्टर बंद पडून बॅटरी उतरलेली असेल, तर खांबावरून उत्तम वीज येत असूनही एसी ढिम्म. थर्मोस्टॅटचा पडदा कोरा दिसला की आधी हेच बघा.

आणि एसी बंद केला की तीन मिनिटं हात लावू नका. कंप्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी चालू केला तर मोटर अडते, हुंकार देते आणि ओव्हरलोड स्विच वीज तोडतो. बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये दोन-तीन मिनिटांचा विलंब मुद्दाम ठेवलेला असतो. त्याला बिघाड समजून बटणं दाबत बसू नये.

थंड हवा परत युनिटच्याच पोटात

ही चूक बहुधा गाडी बनतानाच झालेली असते. आतली जाळी काढून टॉर्च मारा. १४ बाय १४ इंचांच्या भोकात मधोमध एक आडोसा दिसेल. एका बाजूने खोलीतली हवा वर जाते, दुसऱ्या बाजूने थंड हवा नळकांड्यात उतरते. हा आडोसा पत्र्याचा किंवा फोमचा असतो आणि कडांना बोटभर फटी ठेवून घाईघाईने बसवलेला असतो. फटीजवळ टिश्यूची पट्टी धरा. ती शोषण्याच्या बाजूला ओढली गेली तर थंड हवा खोलीत न येता परत कॉइलवर जातेय. आधीच थंड झालेली हवा पुन्हा आली की कॉइलवर बर्फ धरतो, आणि पुन्हा गॅसच्याच नावाने बोंब.

इलाज शंभर टक्के तुमच्या हातातला आहे. वीज तोडा, कडा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या आणि अॅल्युमिनियमची फॉइल टेप लावा, एसीच्या डक्टसाठी मिळते ती. करड्या कापडी डक्ट टेपच्या नावात डक्ट असलं तरी उन्हाळ्यात तिचा गोंद वितळतो आणि ती लोंबकळते. शेवटच्या व्हेंटच्या पुढेही नळकांडं चालू असतं आणि त्या बंद टोकात हवा वाया जाते. व्हेंटची चौकट उघडून दोन-तीन इंच पलीकडे फोमबोर्डचा तुकडा बसवा आणि टेप मारा. थोडक्या सामानात शेवटच्या बेडरूमची हवा लक्षणीय वाढते.

बर्फ खरवडणं

कॉइलवर बर्फ दिसला की सुरी, स्क्रूड्रायव्हर काहीही लावू नका. पाती पातळ, नळ्या त्याहून नाजूक, आणि हा एक घाव खरोखर गॅस घालवतो. कंप्रेसर बंद, नुसता पंखा हाय वर, अर्धा ते एक तास. मग कारण शोधा: मळलेला फिल्टर, बंद केलेले व्हेंट, दमट रात्री पंखा लो वर, बाहेर ७० फॅरेनहाइटपेक्षा थंड असताना एसी चालवणं, किंवा कॉइलच्या पात्यांत खोचलेला फ्रीझ सेन्सर निसटून बाहेर लोंबकळणं. शेवटचं कारण पटकन लक्षात येत नाही. सेन्सर पात्यांत परत खोचला की काम झालं.

छतावर चढल्यावर

आधी खांबावरचा प्लग काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा. नुसता ब्रेकर पाडणं पुरेसं नाही. रबरी छतावर प्लायवूडची फळी टाकून त्यावर गुडघे टेका. प्लास्टिकच्या झाकणाचे स्क्रू काढा आणि काहीही सोडवण्याआधी वायरिंगचा फोटो घ्या.

मागच्या बाजूच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सर कॉइलमध्ये जूनच्या सुमाराला कॉटनवुडच्या झाडाचा कापूस अडकतो, आपल्या सावरीच्या कापसासारखा. त्यावर धूळ बसून नमदा तयार होतो. मऊ ब्रशने तो उचला, इलेक्ट्रिकचा डबा आणि मोटर प्लास्टिकने झाका, साध्या पाइपने आतून बाहेर पाणी सोडा. प्रेशर वॉशरने पाती आडवी पडतात.

आता कपॅसिटर. आपल्याकडे पंख्याच्या कपॅसिटरलाच कंडेन्सर म्हणायची रीत आहे. अमेरिकेतल्या दुकानात कंडेन्सर मागितलात तर भलतीच वस्तू पुढे येईल. कंप्रेसर गुणगुणतो आणि काही सेकंदांत टक् आवाज करून गप्प होतो, पंखा काडीने ढकलल्यावरच फिरतो, ही कपॅसिटरची लक्षणं. वीज तोडली तरी त्यात भार शिल्लक असतो. २० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर पकडीत धरून काही सेकंद टर्मिनलना लावा. तीन टर्मिनलचा असेल तर सी (सामाईक) आणि हर्म (कंप्रेसरचं), मग सी आणि फॅन. मीटरवर शून्याच्या जवळचा आकडा दिसल्यावरच हात घाला. डोकं फुगलेलं असेल तर निकाल तिथेच लागला, पण न फुगलेलाही मेलेला असू शकतो. लिहिलेल्या मापापेक्षा कमी भरण्याची मुभा साधारण सहा टक्के. म्हणजे ४० मायक्रोफॅरडचा ३७.६ च्या खाली गेला की बदलायचा. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त: ३७० च्या जागी ४४० चालतो, उलट नाही. जास्त मायक्रोफॅरड घातल्याने जोर वाढत नाही, मोटर जळते.

भारतात वायरिंगची सवय असलेल्यांसाठी एक ताकीद. आपल्याकडे काळी वायर म्हणजे न्यूट्रल. अमेरिकेत काळी म्हणजे फेज, पांढरी न्यूट्रल, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थ. जंक्शन बॉक्समधल्या, वायरी जोडणाऱ्या टोप्या प्रवासाच्या हादऱ्यांनी सैल होतात. तिथे काळवंडलेली टोपी दिसली तर वायर अर्धा इंच कापून नवीन टोपी लावा.

पाणी गळतंय म्हणून सिलिकॉन फासणं

या एसीचं पाणी छतावरच सोडलेलं असतं आणि तिथून ते ओघळून जातं. युनिटच्या बुडाभोवती सिलिकॉन फासलंत तर ते पाणी आत कोंडतं. खरा दोष सैल गॅस्केटचा (युनिट आणि छत यांच्यामधल्या फोमच्या गादीचा), बुजलेल्या भोकांचा किंवा तिरक्या उभ्या केलेल्या गाडीचा असतो. गॅस्केट दाबून साधारण अर्ध्या इंचावर यायला हवं. आतून चार बोल्ट, कोपऱ्यासमोरचा कोपरा अशा क्रमाने, ४० ते ५० इंच-पाउंड. इंच-पाउंडच्या जागी फूट-पाउंड वाचलंत तर बारापट ताकद लागते आणि बूड वाकतं.

आणि खरंच गॅस गेला असेल तर

क्लॅम्प मीटर फक्त काळ्या वायरीभोवती लावा. व्होल्टेज ठीक, फिल्टर साफ, पंखा जोरात, तरी पाटीवर १३ अँप लिहिलेलं युनिट सात-आठच घेतंय आणि कॉइलचा एखादाच कोपरा गार लागतोय, तर गॅस गळालाय किंवा कंप्रेसरच्या आतले व्हॉल्व्ह गेलेत. कंप्रेसरच्या तीन टर्मिनलपैकी कुठलंही मीटरवर बॉडीशी जोडलेलं दिसलं तर कंप्रेसर संपला. नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवता येतो, पण गॅस हाताळायला अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या नियमांनुसार प्रमाणपत्र लागतं, गळती तशीच राहते आणि मजुरी नव्या युनिटच्या दिशेने चालू लागते. अशा वेळी युनिट बदलावं. वजन ७५ ते १०० पाउंड, त्यामुळे शिडीवरून एकट्याने नेण्याचा विषयच नको. छतावरचं भोक बहुतेक ठिकाणी १४ इंचांचंच असलं तरी वरचं युनिट, आतली पेटी आणि थर्मोस्टॅट यांचा मेळ मागवण्याआधी बघा, छताची जाडी मोजून घ्या, आणि जुनं गॅस्केट पुन्हा वापरू नका.