जड फर्मिऑनचा पेपर हातात आला की आधी वहीवर मोजणी कशी करायची

खानापूरहून बेळगावला येताना बसमध्ये होतंय हे सगळं, वहीचं मागचं पान आणि पेन पुरे, म्हणून सांगूलालोय. पेपर म्हणजे दुसरा हिग्ज डब्लेट आणि नवे जड फर्मिऑन (फर्मिऑन म्हणजे क्वार्क, इलेक्ट्रॉनसारखे पदार्थाचे कण) घातलेल्या मॉडेलांचे.

आधी हिग्ज मोजा. साध्या स्टँडर्ड मॉडेलात (मूलकणांची आजची मान्य थिअरी) हिग्ज फील्डचा एकच डब्लेट (दोन कॉम्प्लेक्स फील्डची जोडी), म्हणजे ४ घटक, त्यातले ३ घटक वीक फोर्स वाहणारे डब्ल्यू प्लस, डब्ल्यू मायनस आणि झेड हे कण गिळतात (वजन त्यानंच वाढतंय त्यांचं), उरतो १, तोच २०१२ च्या ४ जुलैला सर्ननं (जिनिव्हाची प्रयोगशाळा) जाहीर केलेला १२५ जीईव्हीचा (जीईव्ही म्हणजे कणांचं वजन मोजायचं एकक) हिग्ज कण. दुसरा डब्लेट घातला की ८ वजा ३, उरले ५: दोन साधे न्यूट्रल, एक स्यूडोस्केलर (हाही न्यूट्रलच, पण आरशात चिन्ह उलटणारा) आणि चार्जवाली जोडी. ५ येत नसतील तर पुढं जाऊच नका.

मग व्हॅक्यूम व्हॅल्यू, म्हणजे रिकाम्या जागेतही डब्लेटची जी किंमत उरते ती. दोन्ही डब्लेटची मिळून २४६ जीईव्ही, पण बेरीज वर्गांची हां! गुणोत्तर म्हणजे टॅन बीटा, ते १० धरलं तर एक २४५ च्या आसपास आणि दुसरी २४.५, सरळ बेरीज केली तर २६९ येतंय, मी पहिल्यांदा तेच करून बसलो होतो. टाइप टू मॉडेलात (टॉपला वजन एका डब्लेटकडनं, बॉटमला दुसऱ्याकडनं) बॉटम क्वार्कला वजन त्या धाकट्या व्हॅल्यूकडनं मिळतं, म्हणून त्याचं त्या डब्लेटशी कपलिंग (जोडणीची ताकद) दहापट लागतं.

आता जड क्वार्क. पहिला प्रश्न एकच, त्याचा डावा आणि उजवा भाग (स्पिनच्या दिशेवरनं पडणारे दोन भाग) वीक फोर्सला सारखेच दिसतात का? नसतील तर ती जुनी चौथी पिढी (माहीत असलेल्या तीन पिढ्यांसारखीच अजून एक). तिथं हिग्ज बनवणाऱ्या ग्लुऑन लूपमध्ये (दोन ग्लुऑन जड क्वार्कच्या फेऱ्यातून हिग्ज बनवतात ती प्रक्रिया) टॉपच्या जोडीला अजून दोन जड क्वार्क येतात, कितीही जड असले तरी प्रत्येकाचा वाटा टॉपएवढाच, म्हणजे ३ पट आणि वर्ग केला की ९ पट हिग्ज, एवढे काय दिसले नाहीत, एकच हिग्ज डब्लेट धरला तर तो विषय संपला. सारखे असतील तर व्हेक्टर-लाइक, वजन हिग्जशिवाय सरळ लिहिता येतं, त्यामुळं ते अजून जिवंत आहेत.

सिंगलेट टी (वीक फोर्समध्ये जोडीदार नसलेला, टॉपसारखा व्हेक्टर-लाइक क्वार्क) खूप जड असला की निम्मा बॉटम-डब्ल्यूत, पाव टॉप-झेडमध्ये, पाव टॉप-हिग्जमध्ये फुटतो. एलएचसीच्या (सर्नचं कण आदळवायचं यंत्र) १ टीईव्हीच्या (१००० जीईव्ही) वरच्या मर्यादा, म्हणजे टी त्याहून हलका नाही असं सांगणारे आकडे, या तिन्हींची बेरीज १ धरून काढलेल्या असतात. पण दुसरा डब्लेट असेल आणि चार्जवाला हिग्ज टीपेक्षा हलका असेल तर बॉटम-चार्ज्ड हिग्ज ही चौथी वाट उघडते, मग तिघांची बेरीज १ च्या खाली येते. अशा वेळी तो मर्यादेचा आकडा जसाच्या तसा उचलून आपल्या ग्राफवर चिकटवू नका, आधी चौथ्या वाटेचा हिस्सा काढा.