पेपर लिहायच्या आधी जर्नल ठरवा : पहिल्यांदा पाठवणाऱ्यांसाठी

पीएचडीला नुकत्याच लागलेल्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम पेपर कुठे टाकू? आणि तो विचारतात पेपर पूर्ण लिहून झाल्यावर. माझं म्हणणं एवढंच की हे उलटं करा. आलेख हातात आले, आपल्याला काय सापडलंय ते एका वाक्यात सांगता आलं की आधी जर्नल ठरवायचं आणि मग लिहायला बसायचं. शब्दमर्यादा किती, ॲबस्ट्रॅक्ट (सारांश) सलग की तुकड्यांत, संदर्भ आकड्यांनी की नावांनी, हे सगळं जर्नलवर असतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाचणारा कोण हे तिथे ठरतं.

मी बॉटनीची, काम द्राक्षावरच्या डावणी या रोगावर, म्हणून उदाहरणं तिकडचीच देणार. समजा नाशिककडच्या दिंडोरी-निफाडच्या बागांमधला डेटा आहे. डावणी करणाऱ्या प्लाझ्मोपारा विटिकोला या बुरशीसारख्या जिवाबद्दल काही नवीन सापडलं असेल तर प्लांट पॅथॉलॉजीचं जर्नल, फवारणी कधी घ्यावी असं काही निघत असेल तर पीक संरक्षणवालं, आणि पानाच्या फोटोवरून मोबाईलने रोग ओळखला असेल तर कॉम्प्युटरवाल्यांचं. डेटा तोच पण प्रस्तावना तिन्हीकडे वेगळी लागणार. चांगले चांगले पेपर एडिटरच्या टेबलावरूनच परत येतात ते बऱ्याचदा यामुळेच, काम वाईट म्हणून नाही तर पत्ता चुकला म्हणून.

शोधायची सोपी युक्ती सांगते. तुमच्या संदर्भयादीत कुठली जर्नल्स परत परत येतात ते बघा, त्यातून दोन-तीन निवडा, त्यांचं स्कोप, म्हणजे कुठल्या विषयांवरचं छापतात ते, वाचा आणि गेल्या दोन वर्षांतले पेपर चाळा. ज्या जर्नलमधला एकही पेपर तुम्ही वाचलेला नाही तिथे पाठवायची घाई कशाला?

आता बोगस जर्नल्स. व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतच असतात, यूजीसी ॲप्रूव्ह्ड, दोन दिवसांत पब्लिकेशन, सर्टिफिकेट फ्री, पैसे यूपीआयने. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) आपली मान्य जर्नल्सची यादी, म्हणजे केअर लिस्ट, फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली, आता जर्नल कसं तपासायचं याचे निकष दिलेत आणि जबाबदारी संस्थांवर टाकलीय, म्हणजे आजही कोणी केअर लिस्टेड म्हणून पैसे मागत असेल तर काय समजायचं ते समजा. खरा इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला जातो तो आकडा, क्लॅरिव्हेट कंपनीच्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये असतो, बाकी भलत्याच नावाच्या एजन्सीचे आकडे विकत मिळतात. स्कोपस या डेटाबेसची सोर्स लिस्ट (त्यातल्या जर्नल्सची यादी) फुकट बघता येते, तिथे आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, टाकून शोधा आणि कव्हरेज चालू आहे की थांबवलंय तेही बघा. नावाजलेल्या जर्नलची हुबेहूब खोटी वेबसाइटसुद्धा असते हो, म्हणून मेलमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका. इंजिनिअरिंगपासून संस्कृतपर्यंत सगळं छापणाऱ्या जर्नलबद्दल वेगळं सांगायला नको.

आणि घाई का करता? यूजीसीच्या 2022 च्या नियमांत थीसिस जमा करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तरी तुमच्या विद्यापीठाचं काय ते रिसर्च सेंटरला विचारून घ्या, नाशकात कोणी पुणे विद्यापीठाखाली असतं, कोणी आरोग्य विद्यापीठाखाली, कोणी मुक्त विद्यापीठात, सगळ्यांना एकच नियम लावू नका.

पैशांचंही आधीच बघा. पूर्ण ओपन ॲक्सेस, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या जर्नलमध्ये बऱ्याचदा एपीसी, म्हणजे लेखकाकडून घेतली जाणारी फी, भरावी लागते, लाख-दोन लाखांच्या घरातही जाते. पण हायब्रिड जर्नलमध्ये, म्हणजे जिथे दोन्ही प्रकारचे पेपर असतात तिथे, ओपन ॲक्सेसचा पर्याय निवडला नाही तर सहसा काही द्यावं लागत नाही, हे कित्येकांना माहीतच नसतं आणि चांगलं जर्नल म्हणजे पैसे असं धरून चालतात. वाचायला पेपर मिळत नसतील तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायला मिळण्याची सरकारी योजना आहे, जानेवारी 2025 पासून सुरू झालीय, ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे, आपलं कॉलेज तिच्यात येतं का ते लायब्ररीत विचारा. नसेल येत तर लेखकाला सरळ मेल टाका, बरेच जण खुशीने पीडीएफ पाठवतात.

लिहिताना आधी आलेख-तक्ते, मग मेथड्स, मग रिझल्ट्स, प्रस्तावना आणि डिस्कशन नंतर, ॲबस्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. मेथड्सवर मात्र जीव ओता. आपल्याला जे रोजचं वाटतं ते रिव्ह्यूअरला, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, माहीत नसतं. युरोपातला माणूस वेलीची छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात करतो. आपल्याकडे वेल तशी थंडीत झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोड छाटणी फळासाठी, छाटण्या दोन आणि पीक एकच. हे दोन वाक्यांत लिहिलं नाही तर 'छाटणीनंतर 30 व्या दिवशी नमुने घेतले' याचा त्याला अर्थच लागणार नाही, कुठली छाटणी? तसंच वाण थॉमसन सीडलेस, खुंट डॉगरिज, अक्षांश-रेखांश, हवामानाचे आकडे कुठल्या स्टेशनचे आणि ते प्लॉटपासून किती लांब, सगळं द्या. बागायतदार औषध कंपनीच्या नावाने सांगतो, पेपरात सक्रिय घटक आणि लिटरला किती ग्रॅम ते हवं, म्हणजे मेटॅलॅक्झिल, मॅन्कोझेब असं. आणि फोटो व्हॉट्सॲपवरून मागवू नका, ते दाबून लहान होऊन येतात आणि बरीच जर्नल्स 300 डीपीआय मागतात, मूळ फाइल ड्राइव्हवर घ्या.

संदर्भांसाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. जर्नल बदललं की संदर्भांची सगळी पद्धत दोन क्लिकमध्ये बदलते, हाताने करणाऱ्यांची मला दया येते. एआयने इंग्रजी सुधारून घेतलं तर जर्नलचा नियम बघून एआय वापरल्याचं लिहून टाका, आणि त्याने सुचवलेला प्रत्येक संदर्भ डीओआय, म्हणजे पेपरची कायमची लिंक, उघडून तपासा, नसलेले पेपर तो बिनधास्त ठोकून देतो.

लेखकांची नावं आणि क्रम हा नाजूक विषय. कोणी काय केलं त्यावर नाव असावं असं सगळे नियम सांगतात, प्रत्यक्षात विभागातल्या एखाद्या मोठ्या माणसाचं नाव मधे येऊन बसतं. लिखाण सुरू व्हायच्या आधी गाइडशी बोलून क्रम ठरवा आणि मेलवर लिहून ठेवा, नंतर बोलणं फार अवघड जातं. ऑर्किड (ORCID) आयडी, म्हणजे संशोधकाचा स्वतःचा ओळख क्रमांक, काढा, 16 अंकी, फुकट, लग्नानंतर नाव बदललं तरी तुमचे पेपर तुमच्याच नावावर राहतात.

सबमिशनचं पोर्टल वाटतं त्यापेक्षा जास्त वेळ खातं, सगळ्या लेखकांचे ईमेल, फंडिंग, कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट, सुचवलेले रिव्ह्यूअर, सगळं हाताशी घेऊन बसा. रिव्ह्यूअर म्हणून गाइडचे मित्र देऊ नका, एडिटरला कळतं. डबल ब्लाइंड, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर एकमेकांना माहीत नसलेली तपासणी, असेल तर टायटल पेज वेगळं, आभार काढलेले, आणि वर्डच्या प्रॉपर्टीजमध्ये लपलेलं तुमचं नावही पुसा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे, काय सापडलं आणि ते याच जर्नलच्या वाचकाला का हवं. एका वेळी एकाच जर्नलला पाठवायचं, दोन ठिकाणी टाकलं आणि कळलं तर नाव खराब होतं.

मग वाट बघायची. आठवड्याभरात नकार आला तर उलट बरं, वेळ वाचला. नकारासोबत त्याच प्रकाशकाच्या दुसऱ्या जर्नलकडे वळवू का असं विचारतात, हो म्हणायच्या आधी तिथली एपीसी बघा. तीन-साडेतीन महिने काहीच हालचाल नसेल तर दोन ओळींचा नम्र मेल टाकायला हरकत नाही.

मेजर रिव्हिजन, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या करून परत पाठवा असं, आलं की पोरं रडवेली होतात, पण ते चांगलं लक्षण आहे, एडिटरला पेपर हवाय. उत्तराच्या पत्रात रिव्ह्यूअरचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा चिकटवा, खाली उत्तर, बदल कुठल्या ओळीत केला तो नंबर. त्याला समजलं नसेल तर पत्रात समजावत बसू नका, पेपरमधलं वाक्यच सुधारा, पुढच्या वाचकाचंही तसंच होणार. त्याचं चुकलं असेल तर सभ्यपणे, पुरावा देऊन नाही म्हणा, सगळं मान्य करायलाच हवं असं काही नाही.

पेपर स्वीकारला गेल्यावर प्रूफ, म्हणजे छापण्याआधीची शेवटची प्रत, तपासायला येतं आणि सहसा दोनच दिवस देतात. नावांची स्पेलिंगं, कॉलेजचं नाव, तक्त्यातले दशांश आणि एककं बघा, मजकूर नव्याने लिहू देत नाहीत. जर्नलची छापील पीडीएफ रिसर्चगेटवर टाकायला बहुतेक प्रकाशकांची परवानगी नसते, स्वीकारलेली वर्ड कॉपी कुठे आणि किती महिन्यांनी टाकता येते ते त्यांच्या शेअरिंग पॉलिसीत असतं, कॉपीराइट फॉर्मवर सही करायच्या आधी ते वाचून घ्या.