सैन्यात जायचं का, आणि कोणत्या दलात?

आधी कागदावर लिहा: पगार, शिक्षण, की गणवेशाची ओढ? नुसती ओढ पहाटेच्या कवायतीत महिनाभरात विरते. मग डोळे तपासून घ्या, रंगदृष्टीसुद्धा. रंग तपासायच्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यातला आकडा दिसला नाही, तर वैमानिक होणं बहुधा अशक्य. हे आधीच कळलेलं बरं.

भूदलात पायपीट आणि पाठीवर ओझं. नौदलात महिनोन्महिने घर दूर, झोपायला अरुंद बंक. हवाई दलातले बहुतेक जण उडतच नाहीत. विमानं दुरुस्त करतात, रडार सांभाळतात. म्हणून दलाआधी काम निवडा.

भरतीची तयारी करताना धावण्याचं अंतर आठवड्याला 10 टक्क्यांहून जास्त वाढवू नका, नडग्या भरून येतात. करारातली सेवेची वर्षं आणि मुदतीआधी सोडण्याच्या अटी शब्दन्शब्द वाचा. तोंडी आश्वासन धरून चालू नका.