दाब शून्यावर नेणारी रेघ: वाशीतल्या विज्ञान प्रदर्शनाची तयारी

बंद फ्लास्कमधला वायू थंड होत गेला की त्याचा दाब सरळ रेषेत उतरतो, हे दाखवायचं असेल तर सगळ्यात आधी फ्लास्कमधली हवा कोरडी करा. पावसाळ्यात वाशीत खाडीवरून येणारी दमट हवाच निकाल बिघडवते. 30 अंशांना 80 टक्के आर्द्रता असली, तर 760 मिलिमीटर (पाऱ्याच्या उंचीत मोजलेल्या) दाबातले सुमारे 25 मिलिमीटर नुसत्या वाफेचे असतात. फ्लास्क बर्फात ठेवला की बरीचशी वाफ पाणी होऊन काचेला चिकटते. मग 685 यायला हवेत तिथे 667 येतात, आणि 30 अंश व 0 अंश या दोन बिंदूंवरून ओढलेली रेघ −273 ऐवजी −215 अंशांच्या आसपासच शून्य दाबाला टेकते. म्हणून सिलिका जेल (ओलावा शोषणारे खडे) आदल्या दिवशी ओव्हनमध्ये तापवून निळं करून ठेवा (गुलाबी दिसलं तर ओलं समजा) आणि फ्लास्कमध्ये हवा त्यातूनच जाऊ द्या.

फ्लास्क गोल बुडाचा, एक लिटरचा. सपाट बुडाचा अजिबात नको. आतला दाब उतरला की बाहेरची हवा काच दाबते. गेजची (दाबमापकाची) नळी आखूड आणि बारीक घ्या, कारण तिच्यातली हवा गार होतच नाही. टायरवाल्याचा गेज वातावरणाच्या दाबाला शून्य दाखवतो, तो चालणार नाही. निरपेक्ष दाबाचाच, म्हणजे निर्वाताला शून्य दाखवणारा हवा.

ड्राय आइस (गोठलेला कार्बन डायऑक्साइड) त्याच सकाळी आणा. पेटीचं झाकण सैल, गाडीच्या काचा खाली. स्पिरिटमध्ये टाकल्यावर −78 अंश मिळतात, तिथे दाब 488च्या जवळ यावा. हातमोजे, गॉगल, उघड्या खिडक्या, आणि आसपास ज्योत नको.

आलेखाचा आडवा अक्ष −300 पर्यंत न्या, पण −78च्या पुढे रेघ तुटकच काढा. −273पर्यंत कुठलाच वायू वायू राहत नाही, हे मुलांना सांगणं मला प्रयोगाइतकंच महत्त्वाचं वाटतं. वातावरणाच्या दाबाला नायट्रोजन 77 केल्विनला (केल्विन म्हणजे −273पासून वर मोजलेले अंश) द्रव होतो, हायड्रोजन 20ला, हेलियम 4.2ला. हेलियमला 1908 साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये डच भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांनी द्रव केलं. एकदा द्रव झाला की त्यावरच्या वाफेचा दाब सरळ रेघ सोडून कोसळतो. 4.2 केल्विनवरून 1 केल्विनला जाताना रेघेच्या हिशेबाने 760चे 181 उरायला हवेत. उरतात जेमतेम 0.12. इतका तीव्र फरक पडतो म्हणूनच 5 केल्विनच्या खालचं तापमान हेलियमच्या बाष्पदाबावरून मोजतात. हे आकडे वेगळ्या तक्त्यावर लिहा, फ्लास्कच्या आलेखात ते एका कोपऱ्यात गोळा होतील.