जर्मनीतलं भाडं : पैसे पाठवण्याआधी हे विचारा

मी बँकेच्या कर्जविभागात होते आणि लेक स्टुटगार्टला असते. त्यामुळे आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली जर्मनीला निघालेली पोरं भाडेकरार घेऊन माझ्याकडेच येतात. सोबत आई-बाबाही, कारण पैसे त्यांचे.

जाहिरातीत दोन आकडे दिसतील. काल्टमीटे हे नुसत्या जागेचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची साफसफाई, हीटिंग यांचा दरमहाचा अ‍ॅडव्हान्स मिळवला की वार्ममीटे. मुंबईत मेंटेनन्स मालक भरतो, तिकडे त्यातला बराचसा भाग भाडेकरूच्या माथी. खिशातून वार्ममीटे जाणार, म्हणून दोन घरांची तुलना त्यावरून करा. लाइटबिल बहुधा त्यातही नसतं आणि काही घरांत हीटिंगच्या गॅसचं कनेक्शन भाडेकरूच्याच नावावर असतं. तेवढं स्पष्ट विचारून घ्या. शिवाय रेडिओ-टीव्हीची वर्गणी, ऑगस्ट 2021 पासून दरमहा 18.36 युरो. घरात टीव्ही नसला तरी भरायचीच, पण घरटी एकदाच. चौघं राहत असाल तर वाटून घ्या.

डिपॉझिट काल्टमीटेच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यानेच दिलाय. हे मालक आपणहून क्वचितच सांगतो. आता हिशोब करू. समजा खोलीचं काल्टमीटे 350 आणि वर 100, म्हणजे वार्ममीटे 450. डिपॉझिट 1050 पर्यंत. विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाचे 11,904 युरो असले, तरी महिन्याला सुटतात 992. पहिल्या महिन्यात भाडं आणि डिपॉझिटचा हप्ता मिळून 800 गेले, उरले 192. त्यात विमा, जेवणखाण, पांघरूण! शिवाय तिथलं खातं उघडून पहिली रक्कम हातात पडायलाही वेळ लागतो. म्हणून डिपॉझिटचे पैसे वेगळे काढून ठेवा, ब्लॉक्ड अकाउंटच्या भरवशावर राहू नका.

वर्षाअखेर वार्ममीटेतल्या त्या अ‍ॅडव्हान्सचा हिशोब होतो. हीटर जास्त चालवला तर फरक भरायचा, कमी वापरला तर परत मिळतो. हिशोबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांत मालकाने तो हिशोब दिला नाही, तर सहसा त्याला जास्तीचे पैसे मागता येत नाहीत. ‘पाउशाल’ लिहिलं असेल तर रक्कम ठरावीक, ही भानगडच नाही. पहिल्या थंडीत मला तेच बरं वाटतं.

‘दोन खोल्या’ म्हणजे आपला वन बीएचके, स्वयंपाकघर त्यात मोजत नाहीत. कधी कधी तर ते रिकामंच असतं : सिंक नाही, शेगडी नाही. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घ्यायचं असेल तर तो खर्च वेगळा.

एजंटला ज्याने नेमलं त्यानेच दलाली द्यायची, हा नियम 2015 पासूनचा. मालकाच्या एजंटने तुमच्याकडे एक महिन्याचं भाडं मागितलं तर सरळ नाही म्हणा. घर न दाखवता आधी पैसे मागणाऱ्याला तर उत्तरही देऊ नका. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्याला मालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ते देणार का, हे करारापूर्वीच विचारा.

घर सोडायची नोटीस साधारण तीन महिन्यांची. ती कागदावर, सहीनिशी द्यायची; ईमेल चालत नाही. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना धरतात, नाहीतर आणखी एका महिन्याचं भाडं.